वावर सोयाबीनचे, चूल रेशनची

वाशीम जिल्ह्यात खरिपाची पेरणी सुमारे चार लाख हेक्टरांवर होते. त्यातल्या तीन लाख हेक्टरांच्या आसपास एकटे सोयाबीन असते. श्रावणात मालेगाव-रिसोडच्या रस्त्याने जावे तर नजर पोचेल तिथवर एकच हिरवा रंग, एकाच उंचीचा. शहरातून आलेले पाहुणे म्हणतात, काय सुंदर! मला त्या हिरव्याची भीती वाटते. त्यात दिवसभर राबणारी बाई संध्याकाळी घरी येताना त्यातले मूठभरही ओच्यात बांधून आणत नाही. आणून करायचे काय? ओल्या शेंगा चार दिवस उकडून खाल्ल्या तर खाल्ल्या. पण सोयाबीनची भाकरी होत नाही, घरच्या चुलीवर त्याचे वरण होत नाही, पाहुणा आला तर त्याच्यापुढे ठेवता येत नाही. ते विकावेच लागते. आणि विकायला ती जात नाही.

गावातल्या बैठकीत एक बाई मला म्हणाली, "वावरात पीक हाय, पन खाच्यासाटी काई नाई." अन्नसुरक्षा या विषयावर आजवर जेवढी भाषणे मी ऐकली, त्यातल्या एकातही इतके नेमके वाक्य नव्हते.

आपल्याकडे अन्नसुरक्षा टनांत मोजतात. देशाच्या कोठारात गहू किती, तांदूळ किती, निर्यात किती झाली, तेलबियांचे उत्पादन किती वाढले. या हिशोबात वाशीम हा उत्पादक जिल्हा ठरतो, कारण तो लाखो क्विंटल माल बाजारात ओततो. आणि याच जिल्ह्याचे नाव नीती आयोगाने २०१८ साली 'आकांक्षित' म्हणजे सरळ मराठीत मागास जिल्ह्यांच्या यादीत घातले. महाराष्ट्रातून त्या यादीत चारच जिल्हे होते: गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचे उस्मानाबाद आणि वाशीम. गडचिरोली-नंदुरबारचे आदिवासी दारिद्र्य सगळ्यांना माहीत आहे. पण काळ्या कसदार जमिनीचा, दरवर्षी इतका माल पिकवणारा वाशीम त्यांच्या रांगेत कसा जाऊन बसला, हा प्रश्न कोणी विचारला का?

१९९६ साली रोम येथे जागतिक अन्न परिषद भरली. तिथे अन्नसुरक्षेची जी व्याख्या ठरली तिचा आशय असा, की प्रत्येक माणसाला, सर्व काळ, पुरेसे, सकस आणि आपल्या आवडीचे अन्न मिळवता आले पाहिजे. व्याख्या चांगली आहे. पण ते अन्न कोणी पिकवायचे, कोणत्या जमिनीवर, आणि काय पेरायचे ते कोणी ठरवायचे, यावर ती गप्प आहे. त्याच परिषदेच्या वेळी 'ला व्हिया कॅम्पेसिना' या जगभरच्या शेतकऱ्यांच्या संघटनेने नेमका हाच मुद्दा मांडला आणि अन्नावर पिकवणाऱ्यांची सत्ता हवी असे म्हटले. मी त्याला आणखी एक प्रश्न जोडते. पिकवणाऱ्यांची म्हणजे कोणाची? घरातल्या पुरुषाची, की ज्या बाईच्या हातून पेरणीपासून सोंगणीपर्यंत प्रत्येक रोप गेले तिची?

सोयाबीनच्या आधी इथे काय होते, ते तरुण मैत्रिणींसाठी सांगितले पाहिजे. कापूस होता, आणि त्याच्या जोडीला ज्वारी. ज्वारी एकटी नसे. तिच्यात तुरीची तासे असत, मूग आणि उडीद असे, कडेला अंबाडी, तीळ, बरबटी. धुऱ्यावर वाळके आणि काकड्या. निंदायला गेलेली बाई घोळ, चिवळ, तरोटा, तांदुळजा ओच्यात घेऊन येई, आणि संध्याकाळची भाजी होई. मूग पोळ्याच्या आसपास घरात येई, मग उडीद, दिवाळीनंतर ज्वारी, त्यानंतर तूर. म्हणजे एकच वावर चार-पाच महिने थोडेथोडे घरात देत राही. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागे. कणसे खुडल्यावर कडबा उरे. कडब्यावर गाय-म्हैस जगे, तिच्या शेणाने वावर आणि चूल दोन्ही चालत.

ज्वारीच्या त्या वावरात बायकांचे राज्य होते, असे मी म्हणणार नाही. वावर तेव्हाही पुरुषाच्याच नावावर होते. जात्यावर दळून आणि चुलीपुढे खोकून बायकांची हाडे तेव्हाही झिजली. जिला वावर नव्हते तिची तर गोष्टच वेगळी. 'जुने ते सोने' ही आरती मला गायची नाही. ती गाणारे बहुतेक वेळा पुरुष असतात आणि भाकरी त्यांना आयती मिळालेली असते. पण एक फरक होता, आणि तो लहान नाही. धान्य एकदा घरात येऊन कणगीत पडले की त्याची किल्ली बाईच्या कमरेला असे. किती दळायचे, किती बियाण्याला राखायचे, बाळंतिणीला काय द्यायचे, माहेरी मूठभर काय धाडायचे, कामाला आलेल्या बाईच्या पदरात किती टाकायचे, हे ती ठरवी. पुढच्या वर्षीचे बियाणे म्हणून चांगली कणसे निवडून टांगून ठेवणे हे तिचेच काम होते. सोयाबीनला कणगी लागत नाही. ते थ्रेशरमधून कट्ट्यात पडते, कट्ट्यातून टेम्पोत, टेम्पोतून अडत्याकडे. पैसे होतात आणि ते पुरुषाच्या खिशात किंवा खात्यात जातात. धान्य बायकांच्या कोठीतून निघून पुरुषांच्या खिशात गेले, हा गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला आपल्या भागातला सगळ्यात मोठा सत्ताबदल आहे. त्याची बातमी कुठेही छापून आली नाही.

शेतकऱ्याने सोयाबीन हौसेने धरले असे नाही. खरिपाची संकरित ज्वारी परतीच्या पावसात सापडली की काळी पडते आणि काळ्या ज्वारीला बाजारात कुत्रे विचारत नाही. संकरित वाण ठेंगणे, त्यामुळे कडबाही कमी. त्यात पाखरे, रानडुकरे आणि रोही. दुसरीकडे सरकारने १९८६ साली तेलबियांचे तंत्रज्ञान मिशन काढले. १९९४ साली जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे जेएस-३३५ हे वाण आले आणि ते आपल्या काळ्या जमिनीत असे रुजले की पंचवीस वर्षे हलले नाही. शंभर दिवसांत पीक निघते, दिवाळीला रोकडा हातात येतो आणि रान रब्बीच्या हरभऱ्याला मोकळे होते. शेतकऱ्याला दोष द्यावा असे यात काही नाही. १९९८ साली अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला तोवर वारे फिरलेले होते. राज्यात एके काळी साठ लाख हेक्टरांच्या वर असलेली ज्वारी आज वीस लाखांच्या आतबाहेर आली आहे. उरली तीही बरीचशी सोलापूर-नगरकडची रब्बीची.

पण ज्वारीच्या जागी आलेले हे पीक जाते कोणाच्या पोटात? शंभर किलो सोयाबीन गाळले की साधारण अठरा किलो तेल निघते. उरलेली ऐंशी-ब्याऐंशी किलो पेंड. तेल आपण खातो, खरे आहे. पण धंदा उभा आहे तो पेंडीवर. ती देशातल्या ब्रॉयलर कोंबड्यांना जाते आणि परदेशातल्या जनावरांना जाते. जगभर पिकणाऱ्या सोयाबीनचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग कोंबड्या, डुकरे आणि गुरे यांच्या खाद्यात खपतो. त्यासाठी ब्राझीलमध्ये सेराडोची गवताळ राने आणि ॲमेझॉनचे जंगल तुटले. आपल्याकडे तोडायला जंगल नव्हते. आपण ज्वारी, मूग, उडीद, अंबाडी तोडली.

ज्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो त्यांना मिलो आठवेल. लाल, निबर, अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिकडे ती जनावरांना घालत आणि इथे ती रेशनवर माणसांना मिळाली. आमच्या आया ती भाकरी रडतरडत थापत, ती तव्यावर तुटे. त्या अपमानावर पुष्कळ लिहून झाले आहे. आज उलटे झाले आहे आणि कोणाला अपमान वाटत नाही. तेव्हा त्यांच्या जनावरांचे धान्य आपण खाल्ले. आता आपल्या माणसांच्या धान्याची जमीन आपण जनावरांच्या खाद्याला दिली आणि त्याला 'नगदी पीक' असे नाव दिले.

नगदी म्हणावे तर ती नगद तरी हाती येते का? २०२१ च्या उन्हाळ्याअखेर आणि पावसाळ्यात जगाच्या बाजारात टंचाई होती. महाराष्ट्रातल्या बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले. कोंबडीच्या धंद्याने ओरड केली. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बारा लाख टन जनुक-बदललेल्या सोयाबीनची पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. आपल्याकडे जनुक-बदललेले सोयाबीन पेरायला बंदी आहे, पेंड मात्र चालली. नवा माल घरात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला होता. २०२४ साली हमीभाव होता ४,८९२ रुपये, बाजार चार हजारांच्या आसपास. विधानसभेची निवडणूक आली म्हणून सहा हजारांचे आश्वासन व्यासपीठावरून देण्यात आले आणि ओलाव्याची अट बारा टक्क्यांवरून पंधरावर नेण्यात आली. त्या सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क वीस टक्के केले होते. २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी, म्हणजे वाशीमचा शेतकरी सोयाबीनचे बियाणे घरी आणत होता त्याच सुमारास, ते दहा टक्क्यांवर उतरवले. त्या वर्षीचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि नवा माल आला तेव्हा बाजार पुन्हा त्याच्या खालीच.

गरज असते तेव्हा देश तेलाचा जवळजवळ साठ टक्के भाग बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलहून. १९९४ साली पामतेलाची आयात खुली केली तेव्हापासून ही वाट रुंदावतच गेली. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली, आणि रिसोडच्या बाईने कढईतले तेल चमच्याने मोजले. तिच्या घरासमोर शेकडो एकर तेलबिया उभ्या होत्या.

तिचे ताट एकदा नीट बघा. भात पंजाबच्या किंवा छत्तीसगडच्या तांदळाचा. त्यातला पंजाबचा तांदूळ बोअरच्या पाण्यावर पिकतो आणि तिथले भूजल वर्षागणिक खाली चालले आहे. पोळी कोठारातल्या गव्हाची. तेल इंडोनेशियात तुटलेल्या रानाच्या जागी लावलेल्या पामचे. डाळ बऱ्याचदा म्यानमार किंवा आफ्रिकेतून आलेली, जरी तुरीची काही तासे आपल्या वावरात अजून तग धरून असली तरी. भाजी आठवडी बाजारातली, चार दिवसांतून एकदा. एका गरीब बाईच्या ताटात दोन खंडांची जमीन आणि पाणी आले आहे. तिच्या स्वतःच्या वावराचा मात्र त्यात दाणा नाही. यालाच तज्ज्ञ मंडळी 'जागतिक बाजाराशी जोडले जाणे' म्हणतात.

मजूर बाईची कथा याहून कडू आहे. पूर्वी आषाढ-श्रावण म्हणजे निंदणाचे दिवस. वाकून वाकून कंबर मोडायची, मजुरी पुरुषाच्या निम्मी, त्यातही मुकादमाची बोलणी. त्या कामाचे गोडवे कोणी गाऊ नयेत. पण ते काम होते, हक्काचे, सलग, आणि बायकांचे. आता सोयाबीनवर इमाझेथापायरसारखी तणनाशके मारतात. पाठीवर पंप घेतलेला एक पुरुष एका दिवसात तेवढे रान उरकतो ज्याला दहा-पंधरा बायका लागत. तंत्राने बायकांचे कष्ट वाचवले, असे कृषी प्रदर्शनात सांगतात. कष्ट वाचले आणि त्याबरोबर मजुरीही वाचली. वाचलेली मजुरी कोणाकडे गेली? काही शेतकऱ्याकडे, बरीचशी औषधाच्या कंपनीकडे. "आता निंदाले कोठी जावं?" हा प्रश्न मला गावोगाव ऐकू येतो. तणासोबत घोळ आणि चिवळही मेली. म्हणजे तणनाशकाने एकाच फवाऱ्यात तिची मजुरीही नेली आणि संध्याकाळची फुकटची भाजीही. सोंगणी तेवढी राहिली. तीही एकरी ठेक्याने, पावसाची धास्ती मागे लागलेली, पहाटे चारला निघून. जिथे हार्वेस्टर पोचला तिथे तीही नाही.

फवारणीचे काम पुरुषाचे, म्हणून विषाची बाधाही पुरुषालाच होते असा एक समज आहे. शेजारच्या यवतमाळात २०१७ साली कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा चौकशी झाली ती फवारणाऱ्यांची. हौदातून पाणी वाहून आणणारी, औषध कालवणारी, फवारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी अनवाणी शिरणारी, त्याचे कपडे नदीवर हाताने धुणारी बाई कोणत्याही रकान्यात आली नाही.

जमिनीचे काय झाले? सोयाबीन द्विदल आहे, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत आणतात, म्हणून ते जमिनीला चांगले, असे पुस्तक सांगते. पुस्तक खोटे नाही. पण पुस्तकात फेरपालटही लिहिलेली असते, ती कोणी वाचत नाही. तीच जमीन, तेच पीक, पंचवीस-तीस वर्षे. खोडमाशी, मूळकूज, पांढरी माशी वस्तीला येऊन राहिली. २०२३ मध्ये पिवळ्या मोझॅकने विदर्भातली रानेच्या राने आठवड्याभरात पिवळी केली. सगळी वावरे एकाच पिकाची, मग रोगाला थांबायला कुंपण कुठे? त्याच वर्षी ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. पावसाचा स्वभाव बदलला आहे हे सांगायला आता शास्त्रज्ञ लागत नाही. महिनाभर दडी मारायची आणि मग काढणीला आलेल्या मालावर कोसळायचे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने आणि विदर्भाने तेच पाहिले. चार पिकांच्या वावरात एक जाते, दोन उरतात. एका पिकाच्या वावरात वर्ष जाते.

आणि कडबा नाही. सोयाबीनचे कुटार जनावर खाते, पण त्याच्यावर म्हैस पोसत नाही. कडबा गेला म्हणून गुरे विकली, गुरे गेली म्हणून शेण गेले, शेण गेले म्हणून रासायनिक खताची गोणी आली, गोणी आली म्हणून उधारी वाढली. पोराच्या वाटीतले दूध याच साखळीत कुठेतरी निखळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होते. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा ५४ टक्क्यांवर गेला. याला एकटे सोयाबीन कारण आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. बाईने सगळ्यांच्या मागून, उरलेले खायचे ही रीत सोयाबीनने आणलेली नाही. पण शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला उरते काय, हे पातेल्यात मुळात काय होते यावर ठरते. पातेल्यातून डाळ, पालेभाजी आणि ताक उणे झाले की त्याचा पहिला घाव तिच्यावर बसतो.

यावर एक हमखास उत्तर मिळते: सोयाबीन विका, धान्य विकत घ्या, नाहीतरी रेशन फुकट आहे, मग ओरड कशाची? या उत्तराचे दोन भाग आहेत, दोन्ही तपासू.

विकत घ्यायला पैसा बाईच्या हातात पाहिजे. तो नसतो. सोयाबीनचा पैसा एकदाच येतो, ढिगाने येतो, आणि ढिगाने येणारा पैसा वाटेतच संपतो: कृषी केंद्रवाल्याची उधारी, पीककर्ज, लग्नाचे देणे, मोटारसायकलचा हप्ता, आणि सगळ्यांना माहीत असलेली ती बाटली. कणगीतली ज्वारी दारूच्या दुकानात न्यायला निदान डोक्यावर घेऊन गावातून चालावे लागत असे. रोकड खिशात घालून नेता येते.

राहिले रेशन. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने एक मोलाची गोष्ट केली. घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख ठरवली. म्हणजे अन्न मागायच्या कागदावर बाई प्रमुख, अन्न पिकवायच्या कागदावर, सातबाऱ्यावर, पुरुष. रांगेत उभे राहायचा अधिकार तिचा, काय पेरायचे हा अधिकार त्याचा. त्याच कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती, आणि जानेवारी २०२३ पासून कायद्याखालचे सगळे धान्य मोफत झाले. पण आपल्या दुकानांत वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळ. ज्वारी आलीच तर मधूनच कधी.

आणि हे गहू-तांदूळही कायमचे समजू नका. शेतकरी आत्महत्यांनी हादरलेल्या चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते. २०२३ मध्ये राज्य सरकारने ते धान्य बंद करून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात टाकायचे ठरवले. पुढे त्याचे १७० केले. या चौदांत वाशीम आहे. ज्या घरातल्या वावरातून धान्य गेले, त्याच घराच्या रेशनच्या पिशवीतूनही धान्य गेले आणि दोन्हीकडे त्याची रोकड झाली. ज्वारीच्या दुकानातल्या भावाने १७० रुपयांत माणसाला महिनाभर पुरेल एवढे काय येते, ते कोणीही किराणा दुकानावर जाऊन विचारावे.

मग २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष आले. ज्वारी-बाजरी-नाचणीला केंद्र सरकारने 'श्री अन्न' अशी पदवी दिली. आमच्या भागातल्या बचत गटांना निरोप आले: पाककृती स्पर्धा घ्या, ज्वारीचा केक करा, नाचणीची बिस्किटे करा, प्रदर्शनात टेबल लावा. बायकांनी केले. फोटो निघाले. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये ज्वारीचे पीठ सुंदर पाकिटात महाग झाले. वाशीमच्या वावरात ज्वारी किती हेक्टरांनी वाढली, हे त्या सोहळ्यात कोणी विचारले नाही. खरेदीची हमी नाही, मळणीची सोय नाही, रानडुकराचा बंदोबस्त नाही आणि सगळा भार पुन्हा बाईच्या हातावर: तिने परंपरा जपावी, भाकरी थापावी, बियाणे राखावे. पुरुषाने सोयाबीन विकावे आणि बाईने संस्कृती सांभाळावी, अशी ही वाटणी आहे. ती आपल्याला नको.

मला जे हवे आहे ते नवे नाही. चांदवडला १९८६ साली लाखो शेतकरी बायका जमल्या होत्या. त्यातून पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. शरद जोशींनी त्या काळात 'सीताशेती'ची कल्पना मांडली: घरच्या गरजेचे, विषाशिवाय पिकवलेले अन्न, बाईच्या ताब्यातल्या तुकड्यावर. शेतकरी संघटनेच्या खुल्या बाजाराच्या राजकारणाशी माझे जमत नाही, कधी जमले नाही. पण हा विचार खरा होता. त्यांच्याच माणसांनी तो पुढे बाजूला ठेवला. मराठवाड्यात लातूर-उस्मानाबादेत 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायकांनी दुष्काळानंतर घरच्यांशी भांडून एकेक एकर मागून घेतला. त्यावर त्या धान्य, डाळी, भाज्या असे मिळून पिकवतात, आणि सोयाबीन बुडाले त्या वर्षीही त्यांच्या घरात खायला होते. एक एकर म्हणजे काही क्रांती नव्हे. शिवाय बहुतेकींचा तो एकर तोंडी आहे, नवऱ्याच्या मर्जीवरचा. त्याने उद्या परत मागितला तर?

म्हणून प्रश्न सातबाऱ्यावर येऊन थांबतो. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ सालीच केला, देशाने २००५ मध्ये. तरी तलाठ्यापुढे बहिणींच्या सह्या घेऊन हक्कसोड होतेच. सरकार जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला दीड हजार देते. जमिनीत मात्र नाव लाडक्या भावाचे. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त घरांतल्या ५०५ बायकांची पाहणी केली. त्यातल्या सुमारे चाळीस टक्के जणींना नवरा गेल्यानंतरही तो कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. कर्ज मात्र त्यांच्या दारात न चुकता आले.

सगळे सोयाबीन उपटून टाका असे मी म्हणत नाही. मागण्या सांगते. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांत ज्वारी, मूग, उडीद यांची हमीभावाने खरेदी केंद्रे सोयाबीनच्या आधी उघडावीत, कारण ही पिके आधी येतात किंवा लवकर नासतात. २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये आहे. तो कागदावर राहिला तर कोणीही ज्वारी पेरणार नाही आणि पेरू नये. खरेदी केलेली ज्वारी त्याच तालुक्यात रेशनवर, अंगणवाडीत आणि शाळेच्या आहारात द्यावी. केशरी कार्डाचे धान्य परत सुरू करावे, रोकड नको. पावसात काळी न पडणारे आणि उंच कडब्याचे वाण कृषी विद्यापीठाने काढावे, आणि ते निवडताना भाकरी थापणाऱ्या बायकांना विचारावे, नुसते उत्पादन मोजून नको. तणनाशकाने ज्यांची निंदणाची मजुरी गेली त्या मजूर बायकांना आषाढ-श्रावणात रोजगार हमीवर काम मिळावे. नेमके याच महिन्यांत 'शेतीची कामे आहेत' म्हणून ते बंद ठेवतात. शेतीची कामे आहेत, हे कोण म्हणते, आणि कोणाच्या हातांसाठी? आणि सातबाऱ्यावर बायकोचे नाव लागल्याशिवाय कोणत्याही घराला बियाण्याचे अनुदान किंवा पीक विमा देऊ नये.

शेवटच्या मागणीवर पुरुष कार्यकर्ते चिडतात, हे मी तीन बैठकांत पाहिले आहे. आधी हमीभावाचे बघू, मग बायकांचे, असे ते म्हणतात. यंदाची पेरणी काय करायची ते गावोगाव उन्हाळ्यात ठरेल, कृषी केंद्राच्या ओट्यावर, नेहमीप्रमाणे. एप्रिल-मेच्या ग्रामसभांना बायकांनी पेरणीचा विषय अजेंड्यावर लेखी मागून घ्यावा. अर्जाचा नमुना आपल्या कार्यालयात ठेवला आहे. ज्या गावांत अर्ज घ्यायला नकार मिळेल, त्या गावांची नावे आम्हाला कळवा.